‘शिल्लक नाही’ हेसुद्धा वहीत लिहून घ्या



आज बचतीबद्दल बोलायचं आहे. पण आपल्या गटाच्या पेटीतल्या बचतीबद्दल नाही, सरकारी दवाखान्यातल्या औषधाच्या कपाटाबद्दल. तुम्ही म्हणाल, कपाट दवाखान्याचं, किल्ली त्यांची, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट आपल्या कर्जाच्या वहीत दिसतो.

मी सहयोगिनी म्हणून गावोगावच्या गटांच्या बैठकांना जाते. अंतर्गत कर्जाचा रकाना पाहते. शेळी, शिलाई मशीन, बियाणं, मुलांची फी ही कारणं असतातच. पण एक कारण सगळ्या गटांत सापडतं: आजारपण. बाई सांगते, “दवाखाना फुकटच आहे हो ताई, पण औषध बाहेरून आणायला सांगितलं.” तपासणी फुकट, केसपेपर फुकट आणि गोळ्यांसाठी कर्ज. शेळीसाठी घेतलेलं कर्ज शेळी फेडते. गोळ्यांसाठी घेतलेलं कर्ज बाईच्या मजुरीतूनच जातं.

हे फक्त आपल्या तालुक्यातलं नाही. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आपल्या देशात आरोग्यावर जे शंभर रुपये खर्च होतात, त्यातले सुमारे ३९ रुपये लोक स्वतःच्या खिशातून देतात. ज्यांना रुग्णालयात भरती व्हावं लागत नाही, त्यांच्या खर्चातला मोठा वाटा औषधांचा असतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. चांगलंच झालं. पण खिडकीवर औषधच नसेल, तर निःशुल्क शब्दाचा उपयोग काय?

मग प्रश्न येतो, औषध का नसतं? आपण पटकन म्हणतो, सरकारकडे पैसा नाही, किंवा कुणीतरी खाल्लं. कधी तसंही असेल. पण बऱ्याचदा कारण याहून साधं असतं. औषध कुठेतरी असतं, पण जिथे हवं तिथे, हवं तेव्हा नसतं. एका दवाखान्यात खोकी मुदत संपून पडलेली असतात आणि शेजारच्या दवाखान्यात त्याच औषधासाठी माणसं परत जातात. हा हिशेबाचा आणि वेळेचा प्रश्न आहे. आणि हिशेब म्हटला की तो आपला विषय झाला.

तुम्ही घरात काय करता? ज्वारीची कणगी तळाला गेली की मग बाजार आठवता का? नाही. आठवड्याचं पीठ उरलं की दळण काढता. पावसाळ्यात वाट बंद होते, म्हणून त्याआधी तेल-मीठ जास्त भरून ठेवता. नवीन डाळ आणली की जुनी वर काढता, नवी खाली घालता. दवाखान्याचं भांडार नीट चालवायला हेच लागतं.

पहिली गोष्ट, मागणी कधी करायची. एक उदाहरण घेऊ. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, महिन्याला ३०० पाकिटं लागतात. मागणीपत्र पाठवल्यापासून माल यायला दोन महिने लागतात. म्हणजे वाट पाहण्याच्या काळात ६०० पाकिटं जाणार. गाडी उशिरा आली तर म्हणून आणखी एका महिन्याची, ३०० जास्तीची धरा. झाली ९००. कपाटात ९०० पाकिटं उरली की मागणीपत्र गेलंच पाहिजे. १०० उरल्यावर पाठवलं, तर दहा दिवसांत कपाट रिकामं आणि पुढचे पन्नास दिवस ‘बाहेरून आणा’.

आता पावसाळ्यात हगवण-उलट्या वाढतात. महिन्याला ५०० पाकिटं लागायला लागली, तर तोच आकडा १५०० होतो. म्हणजे पावसाळ्याची तयारी मे महिन्याच्या आतच झाली पाहिजे. साप-विंचवाचंही तसंच. पेरणीच्या आणि खुरपणीच्या दिवसांत आपणच रानात असतो.

दुसरी गोष्ट, जुनं पुढे आणि नवं मागे. औषधाच्या पाकिटावर मुदतीची तारीख असते. ज्याची मुदत आधी संपते, ते आधी वाटायचं. हे करायला नवीन यंत्र लागत नाही. फळीवर मांडणी नीट लागते आणि महिन्यातून एकदा तारखा बघाव्या लागतात. एखाद्या औषधाची मुदत तीन-चार महिन्यांवर आली आणि ते इथे संपणार नाही असं दिसलं, तर जिथे खप आहे तिथे ते वेळेत पाठवायचं. मुदत संपलेलं औषध म्हणजे आपल्याच कराचा पैसा मातीत. त्याची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावायची, तर त्यालाही पुन्हा खर्च.

तिसरी गोष्ट, सगळ्या औषधांना एका मापाने मोजायचं नाही. रुग्णालयाच्या खर्चात थोडीच औषधं मोठा पैसा खातात. त्यांच्यावर रोजची नजर हवी, साठा उगाच जास्त नको. पण पैशाचं माप एकटं पुरत नाही. सापाच्या विषावरचं इंजेक्शन महिनाभरात एकदाही लागणार नाही कदाचित. तरी ते हवंच, कारण ज्या रात्री लागतं त्या रात्री दुसरं काही चालत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन, ही त्याच वर्गातली. म्हणून जाणकार लोक औषधांचे तीन भाग करतात: ज्यावाचून जीव जाईल ती, ज्यावाचून आजार वाढेल ती आणि असली तर बरं अशी. पहिल्या भागातलं औषध शून्यावर येताच कामा नये.

लसींचं आणखी वेगळं. बहुतेक लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंत हा गारवा तुटता कामा नये. लसीच्या काही कुप्यांवर एक छोटं गोल चिन्ह आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस ठीक. चौकोन गोलाइतका किंवा जास्त गडद झाला, तर ती कुपी वापरायची नाही. आपल्या आशाताईंना विचारा, त्या दाखवतील.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे, ते ऐका. वर्षाची मागणी ठरवताना बहुतेक ठिकाणी एकच बघतात: मागच्या वर्षी किती खपलं? ऐकायला बरोबर वाटतं. पण यात एक मोठी गोम आहे.

समजा, रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याला २,००० लागतात. वर्षाला २४,००० झाल्या. पण मागच्या वर्षी चार महिने गोळ्या आल्याच नाहीत. रजिस्टरमध्ये खप दिसणार आठ महिन्यांचा, १६,०००. पुढच्या वर्षी मागणी गेली १६,००० ची. म्हणजे आठ महिन्यांतच गोळ्या पुन्हा संपणार. आणि कागदावर सगळं नीट! मागितलं तेवढं आलं, आलं तेवढं वाटलं. त्या चार महिन्यांत ज्या बाया खिडकीवरून परत गेल्या, त्या कुठल्याच कागदावर नाहीत. त्यातली कुणी उसने पैसे काढून दुकानातून गोळ्या घेतल्या. कुणी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंदच केल्या. रक्तदाबाची गोळी मध्येच बंद केली तर काय होतं, हे ज्यांच्या घरात लकवा झालेलं माणूस आहे, त्यांना मी सांगायला नको.

म्हणून मी म्हणते, जे औषध दिलं त्याची नोंद होते, पण जे देता आलं नाही त्याचीही नोंद व्हायला हवी. खरी गरज म्हणजे दिलेलं अधिक न दिलेलं. ही दुसरी संख्या दवाखान्याकडे नसते. ती आपल्याकडे असते, कारण परत फिरलेली बाई आपल्याच गटात बसलेली असते.

हे सुधारता येतं का? येतं. आपल्याच देशात झालेलं आहे.

तामिळनाडू सरकारने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी एक वेगळं महामंडळ काढलं. पहिलं काम केलं ते यादीचं. हजार नावांची औषधं घेण्यापेक्षा खरोखर लागणाऱ्या औषधांची यादी केली आणि ती ब्रँडच्या नावाने न घेता औषधाच्या मूळ नावाने, म्हणजे जेनेरिक नावाने, घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने अशी अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ मध्ये केली होती, त्याच विचारावर. दुसरं, सगळ्या रुग्णालयांची गरज एकत्र करून एकदम निविदा काढली. एका बाईने एक किलो शेंगदाणे घेतले तर दुकानदार भाव कमी करत नाही, पण दहा गटांनी मिळून पोती घेतली की करतो. हे आपण गटात करून पाहिलेलं आहे. तिसरं, जिल्ह्यांत गोदामं ठेवली. चौथं, आलेला माल वाटण्याआधी त्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले, तेही कंपनीचं नाव झाकून, नुसता आकडा घालून. म्हणजे तपासणाऱ्याला कळतच नाही की गोळी कुणाची.

आणि पाचवी गोष्ट तुम्हाला आवडेल. त्यांनी रुग्णालयांना पासबुकं दिली! वर्षाला अमुक रकमेची औषधं तुमच्या वाट्याला. गोदामातून औषध नेलं की तेवढी रक्कम पासबुकात वजा. डॉक्टरांना कळतं, आपले किती उरले. कुणी कमी नेलं, कुणी जास्त नेलं, तेही दिसतं. ज्या भागात ताप जास्त तिथे त्या तापाची औषधं जास्त न्या, वरून कुणी एकच साचा लादत नाही. आपलं पासबुक जसं आपण दर महिन्याला भरून घेतो, तसंच.

राजस्थानने २०११ मध्ये याच धर्तीवर महामंडळ केलं आणि २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली. जिल्ह्यांत औषध भांडारं उभी केली आणि साठ्याची नोंद संगणकावर आणली. त्यासाठी जी ई-औषधी नावाची प्रणाली वापरली, ती सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली. आपल्या महाराष्ट्रातही ती वापरली जाते. संगणकाचा फायदा हा की जिल्ह्याला बसल्या जागी दिसतं, कुठे साठा पडून आहे आणि कुठे संपत आलाय. पण संगणकाला आपण जे सांगू तेच त्याला कळतं. खिडकीवर औषध देऊन नोंद आठवड्याने केली, तर संगणकात औषध आहे आणि कपाटात नाही.

महाराष्ट्रातही खरेदीच्या पद्धतीत बदल होत आले. २०१७ मध्ये खरेदीचं काम हाफकिन महामंडळाकडे दिलं. खरेदीला उशीर होतो अशा तक्रारी झाल्या. मग २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केलं. संस्था बदलली म्हणजे औषध आलंच असं होत नाही. गाव ते जिल्हा ही साखळी प्रत्येक कडीला नीट असावी लागते.

अजून एक कडी सांगते, जी आपल्या गटांना चांगलीच ठाऊक आहे. पुरवठादाराचं बिल. आपल्यातल्या काही गटांनी पोषण आहाराचं काम घेतलेलं आहे. बिल महिनोन् महिने अडकलं की काय होतं? किराणावाला उधार बंद करतो, नाहीतर भाव वाढवून लावतो. औषध कंपनीही तेच करते. सरकारचे पैसे उशिरा मिळणार हे माहीत असलं की ती भाव चढा सांगते, किंवा निविदा भरतच नाही. मग ऐनवेळी दवाखान्याला स्थानिक बाजारातून थोडं थोडं औषध घ्यावं लागतं, आणि ते महाग पडतं. वेळेवर बिल देणं ही कंपनीवर मेहेरबानी नाही, ती स्वस्त खरेदीची पहिली अट आहे.

आता आपण काय करायचं?

एक. खिडकीवर औषध नाही म्हटलं, तर भांडायचं नाही. तिथला औषध निर्माण अधिकारी बऱ्याचदा एकटाच असतो. तोच वाटतो, तोच लिहितो, तोच भांडार बघतो. त्याला शांतपणे तीन प्रश्न विचारा. औषधाचं मूळ नाव काय? कधीपर्यंत येईल? आणि मला मिळालं नाही याची नोंद कुठे करता? तिसरा प्रश्न विसरू नका.

दोन. गटाच्या मासिक बैठकीत इतिवृत्ताच्या शेवटी एक तक्ता आखा. तारीख, दवाखाना, औषधाचं नाव, किती दिवसांचं मिळालं नाही, बाहेर किती रुपये लागले. बस, पाच रकाने. बाईचं नाव लिहायचं नाही, आजारही लिहायचा नाही. कुणाला कसला त्रास आहे ही गावभर करायची गोष्ट नाही. चिठ्ठीवरचं नाव वाचता आलं नाही, तर शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला द्या, किंवा आशाताईंना दाखवा.

तीन. तीन महिन्यांनी ग्रामसंघात सगळ्या गटांचे तक्ते एकत्र करा. एका बाईची तक्रार ही तक्रार असते, दहा गटांचा तक्ता हा हिशेब असतो. एकच औषध सगळ्यांच्या तक्त्यात दिसलं, तर ते जिल्ह्यालाही दिसलं पाहिजे.

चार. तो हिशेब घेऊन गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीत जा. तिथून रुग्ण कल्याण समितीकडे. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला अशी समिती असते आणि तिच्याकडे थोडा निधीही असतो. त्यातून नियमाच्या मर्यादेत तातडीची गरज भागवता येते. बैठकीत आपला तक्ता इतिवृत्तात घ्यायला लावा. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं. आणि उत्तरच मिळत नसेल, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. साठा रजिस्टरची प्रत मागता येते.

हे नवीन काही नाही. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम झालं. गावातल्या लोकांनी दवाखान्याची प्रगतिपत्रकं भरली, जनसुनवाया घेतल्या, आणि डॉक्टर व लोक समोरासमोर बसले. आपण फक्त औषधापासून सुरुवात करू.

पाच. औषध नाहीच मिळालं आणि घ्यावंच लागलं, तर डॉक्टरांना मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जवळ जनऔषधी केंद्र असेल तर तिथे विचारा. तीच गोळी ब्रँडच्या गोळीपेक्षा बरीच स्वस्त मिळते. पण स्वतःच्या मनाने गोळी बदलू नका आणि बंद करू नका. आणि हो, दवाखान्यातून जास्तीच्या गोळ्या आणून घरात साठवू नका. आपल्या डब्यात मुदत संपलेली गोळी म्हणजे खिडकीवर दुसऱ्या बाईला न मिळालेली गोळी.

काही जणी म्हणतील, ताई, आम्ही लिहिल्याने वरचे लोक काय ऐकणार? माझं सांगणं असं की, आपल्या गटाच्या नोंदी पाहूनच बँकेने आपल्याला कर्ज दिलं. आधी बँकेचा साहेब आपल्याला खुर्चीही देत नव्हता. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित परतफेड आणि नीट वह्या, एवढंच आपल्याकडे होतं. त्याच वह्यांत आता पाच रकाने वाढवायचे आहेत. चांगले डॉक्टर, चांगले औषध निर्माण अधिकारी यांनाही हा कागद हवा असतो. वरिष्ठांकडे जास्त औषध मागताना त्यांच्या हातात काहीतरी पुरावा लागतो. तो पुरावा आपण दिला, तर ते आपल्या बाजूचेच आहेत.

या महिन्याच्या बैठकीत तक्ता आखा. सचिवताईंनी फूटपट्टी आणि पेन घेऊन बसावं. जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, जिला येतं तिने लिहावं. पहिल्या महिन्यात एखादीच ओळ भरली, किंवा सगळी औषधं मिळाली म्हणून तक्ता कोराच राहिला, तर आनंदच आहे. तसंही लिहा: ‘या महिन्यात सर्व औषधे मिळाली.’ चांगलं झालं तेही नोंदवायचं असतं, म्हणजे दवाखान्यातल्या माणसांनाही हुरूप येतो.

तुमच्या तक्त्यात काय निघालं ते ग्रामसंघाच्या बैठकीत मला सांगा. तोवर, जिच्या रोजच्या गोळ्या चालू आहेत, तिने आजची गोळी घेतली का, एवढं शेजारणीला आठवणीने विचारा.

नमस्कार.